निलमला मानवेल असं उपनगर

६ जुलै
निर्णय झाला. डहाणू सोडायचं. मुंबईजवळ एखादं चांगलं उपनगर बघून फ्लॅट घ्यायचा. निलमला सांगितलेलं नाही. सरप्राइज.

मार्चमध्ये ती लेकीच्या, मयुराच्या बाळंतपणाला मीरा रोडला गेली. नातू आता पालथा पडायला लागला, तरी ही परत यायचं नाव घेत नाही. आधी मी चिडलो. मग डोक्यात प्रकाश पडला, तिला शहराची हवा मानवली आहे! बायकोच्या मनातलं न सांगता ओळखणारे नवरे फार नसतात. इतक्या वर्षांच्या संसारात तिला कधी तोंड उघडून काही मागावं लागलं नाही. माहेरसुद्धा इथे आगरला, इतकं जवळ की बिचारीला कधी राहायला जावंच लागलं नाही.

११ जुलै
सुनिता आली होती वेवजीहून. तलासरीचा बाजार करून मग भावाकडे, नेहमीप्रमाणे. तिला प्लॅन सांगितला. ती म्हणाली, "दादा, वहिनीला विचारलंस का पण?" मी म्हटलं, विचारल्यावर सरप्राइज कसलं?

मग म्हणाली, वहिनीशी तिचं फोनवर बोलणं होतं, आणि वहिनी परत यायचं म्हणत नाहीये. मी म्हटलं, तेच तर! म्हणूनच आपण तिकडे जायचं. "तसं नाही रे," म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला. भाऊ लांब जाणार म्हणून हळवी झाली. जाताना सिंकमधली भांडी घासून गेली. चार दिवसांची होती.

१९ जुलै
प्रविणबरोबर विरार, नालासोपारा. प्रविणचं एजंटचं ऑफिस डहाणू रोड स्टेशनसमोर आहे, मुलगा हुशार.

विरारला बाविसावा मजला. हवा काय, उजेड काय. पण निलमला उंचावर भीती वाटते. की सुनिताला? दोघींपैकी एकीला वाटते, हे नक्की. विरार रद्द.

नालासोपाऱ्याला किचन लहान. निलमला किचनमध्ये राहायला फार आवडतं, आयुष्यभर तिथेच तर असते. नालासोपारा रद्द. प्रविण म्हणाला, काका, एकदा काकींना आणा, बायकांना ओटा बघायचा असतो. मी म्हटलं, ओटा मी बघतो. ओट्यापाशी उभा राहिलो, पोळ्या लाटल्यासारखे हात करून पाहिले. प्रविण उगाच मोबाइल बघत बसला.

२ ऑगस्ट
निलमचा फोन. स्वतःहून! तिचं आधार, पॅन आणि कपाटातले पासपोर्ट साइज फोटो कुरिअरने पाठवा म्हणाली. बाळाचं काहीतरी सरकारी काम असणार, जास्त विचारलं नाही. जेवलात का म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, हो. (जेवलो नव्हतो.)

फोटोंपैकी एक मी ठेवून घेतला. चांगला आलाय.

१५ ऑगस्ट
वसई! दुसरा मजला, किचन ऐसपैस, मासळीबाजार जवळ. टोकन देऊन मोकळा झालो. चिकूची वाडी गावातल्या अमृतला मक्त्याने दिली, घरासकट, कारण त्याच्या माणसांना राहायला जागा हवी. अमृतने दोनदा विचारलं, "काकींची सही नको?" मी म्हटलं, तिचा माझ्यावर विश्वास आहे. त्याने कागद पुढे केला.

आता पुढच्या रविवारी मीरा रोडला जाऊन धक्का द्यायचा.

२४ ऑगस्ट
धक्का दिला. म्हणजे बसला.

मयुराकडे पोचलो तर निलम घरात नाही. बाजारात गेली असेल म्हणून सोफ्यावर ब्रोशर उघडून बसलो. मयुराने बाळाला पाळण्यात ठेवलं आणि समोर येऊन बसली. म्हणाली, "पप्पा, आई इथे राहत नाही. जूनपासून नायगावला असते."

नायगावला सोनल म्हणून बाई आहे, शिवणाच्या क्लासमध्ये ओळख झाली. दोघी एकत्र राहतात, पडदे, कव्हरं, ब्लाउज शिवतात. या महिन्यात गाळाही भाड्याने घेतला.

मला का नाही सांगितलं, म्हटलं. मयुरा म्हणाली, "आई म्हणाली होती, ते माझं विचारतील तेव्हा सांग. तुम्ही विचारलंच नाहीत." असं कसं? मी दर फोनला विचारायचो, बाळ कसंय, आणि आई कधी येतेय.

येताना विचार केला. वसईच्या पुढचं स्टेशनच नायगाव! एकमेकांना न विचारता दोघांनी शेजारशेजारची गावं निवडली. यालाच मनं जुळणं म्हणतात. परिस्थिती उत्तम आहे.

३१ ऑगस्ट
नायगाव. गाळा सापडला. बाहेरून पाहिलं तर निलम गळ्यात टेप अडकवून उभी, आणि सोनलच्या कशावर तरी हसत होती. मोठ्याने, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ही अशी हसते हे मला माहीत नव्हतं. जरा वेळ बाहेरच थांबलो.

मला बघून ती दचकली वगैरे नाही. स्टूल दिलं, चहा मागवला. मी ब्रोशर दाखवलं. तिने शेवटच्या पानापर्यंत नीट वाचलं.

"फ्लॅट छान आहे," म्हणाली. "पण मी यायची नाही."

मी म्हटलं, घाई नाही, दिवाळीपर्यंत ये.

ती म्हणाली, "अहो, आई आजारी होती तेव्हा मी म्हटलं होतं, आठ दिवस आगरला जाऊन राहते. तुम्ही म्हणालात, तोडणीच्या माणसांचं कोण बघणार?"

मी म्हटलं, पण तिच्या शेवटच्या दिवशी मी स्वतः गाडीने सोडलं होतं तुला.

"हो, सोडलंत," म्हणाली. "तोवर तिला नेलं होतं."

मग तीच म्हणाली, "मी आता रागावलेली नाही. परत यायचं नाही, एवढंच."

रागावलेली नाही. तिच्याच तोंडचे शब्द. चांगली खूण आहे.

चहा मात्र तसाच राहिला.

१० सप्टेंबर
वसईला शिफ्ट झालो. वाडी अमृतकडे, म्हणजे दुसरं कुठे जाणार होतो? सुनिता म्हणाली वेवजीला ये. पण घर लावून ठेवलं पाहिजे, निलम कधीही येऊ शकते. रोज संध्याकाळी गॅलरीत उभा राहून नायगावच्या दिशेला बघतो.

१४ सप्टेंबर
नायगाव दुसऱ्या बाजूला आहे, वॉचमनने सांगितलं. इतके दिवस मी डहाणूकडे बघत होतो.

१८ सप्टेंबर
खिचडी करपली. शेजारच्या बाई वासाने आल्या. घरात आणखी कोण असतं, म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, मिसेस सध्या कामानिमित्त बाहेर असतात. तसं खोटं नाही.

आयडिया सुचली. गाळ्यावर फोन केला, सोनलने उचलला. सगळ्या खिडक्यांना पडद्यांची ऑर्डर दिली, माप घ्यायला माणूस पाठवा म्हटलं. निलम येईल. एकदा किचन बघितलं की विषय संपला.

२१ सप्टेंबर
आली. एकटीच. मी ओटा पुसून चकचकीत ठेवला होता. पाणी विचारलं तर नको म्हणाली, बाटली आणली होती.

माप घ्यायला लागली. टेपचं एक टोक मला धरायला दिलं. "थोडं वर. हां, तिथेच." हॉल झाला, बेडरूम झाली. किचनची खिडकीही मापली. ओट्याकडे पाहिलं नाही. खिडकीचं माप लिहिलं आणि बाहेर आली.

मग कापडाचे नमुने टेबलावर ठेवून म्हणाली, "रंग कुठला?"

मी म्हटलं, तुला आवडेल तो.

"मी इथे राहत नाही," म्हणाली. अगदी हळू म्हणाली, लागू नये अशा बेताने. "तुम्हाला कुठला हवा?"

मी नमुन्यांकडे बघत राहिलो. ती थांबली. घाई केली नाही, घड्याळ पाहिलं नाही, मी बोलेन म्हणून नुसती उभी राहिली. शेवटी म्हणाली, "सावकाश ठरवा. सोनलला कळवा." चपला घातल्या. दार तिनेच ओढून घेतलं.

निळा, पिस्ता, लिंबू कलर, एक फुलाफुलांचा. संध्याकाळपासून समोर मांडून बसलोय. सगळे सारखेच दिसतात. चष्मा दोनदा पुसला.