नाकाला सुट्टी

बागबाजार, कोलकाता
रविवार

प्रिय शर्वरी,

आधी सांग, पाय कसा आहे? उजवा घोटा मुरगळला म्हणालीस, तर आंबेहळद उगाळून गरम लेप लाव आणि स्वस्थ पडून राहा. पडल्या पडल्या वाचायला काहीतरी हवं, म्हणून हे लांबलचक पत्र. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू नुसतं 'हं, हं' करत दुसरीकडेच बघत असतेस, ते मला इथून कळतं. तर बातमी अशी, की तुझी एकसष्ट वर्षांची आत्या अंदमानला जाऊन भर समुद्रात तोंड बुडवून आली. चांगली तासभर मासे बघत तरंगली. हसू नकोस, फोटो आहेत.

माझा गच्चीवरचा वर्ग तुला माहीतच आहे. तुझ्या आतोबांच्या बँकेतल्या बदलीनं आम्हाला इथे आणलं, ते निवृत्त झाले तरी आम्ही काही हललो नाही, आणि मी बागबाजारातल्या बायकांना प्राणायाम शिकवत राहिले. त्या मला लाडानं 'बर्गीदी' म्हणतात. बर्गी म्हणजे स्वारीवर येणारे मराठे घोडेस्वार. त्यांच्या धास्तीनं इथल्या लोकांनी एकेकाळी शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो आमच्या या भागापासूनच. आपले लोक काही इथवर पोचलेच नाहीत म्हणा. शिप्रादी ही माझी सगळ्यांत जुनी विद्यार्थिनी. ती म्हणते, तेव्हा कुणी आलं नाही, पण ही एक उशिरा आली आणि रोज सकाळी आम्हाला नाक धरायला लावते.

आता गंमत ऐक. या नाक धरायला लावणाऱ्या बाईला स्वतःला लहानपणापासून दमा आहे, हे त्या गच्चीवर कुणालाही ठाऊक नव्हतं. तुला तरी कुठे ठाऊक होतं? मला बघायला पाहुणे यायचे, तेव्हा तुझी आजी आधी मला काढा पाजायची आणि बजावायची, "कुणी विचारलं तर सर्दी सांग." विवेकला, म्हणजे तुझ्या बाबांनाही तीच ताकीद. मग काय, मी लग्नात सर्दी सांगितली, सासरी सर्दी सांगितली. पंप हळदीकुंकवाच्या बटव्यात, वर सुपारी, त्यावर रुमाल. तुझ्या आतोबांना कळलं तेव्हा ते इतकंच म्हणाले, की एकच सर्दी बारा महिने कशी टिकते याचं त्यांना कोडंच पडलं होतं. पण बाहेर सांगायची सोय नव्हती. श्वास शिकवणाऱ्या बाईनं पंप ओढायचा म्हणजे टकल्यानं केसांचं तेल विकण्यापैकी, असं माझं पक्कं मत होतं.

या थंडीत शिप्रादीनं टूम काढली, वर्गातल्या सगळ्याजणींनी अंदमानला जायचं. चार दिवसांची सहल, त्यात एका लहानशा बेटावर नेऊन तोंडात नळी धरून मासे दाखवणार. मी आधी नाहीच म्हटलं. मला जन्मात कुणी पाण्यात उतरू दिलं नव्हतं; सगळ्या नदीत डुंबायच्या आणि मी घाटावर त्यांचे कपडे राखत बसायची. पण या वेळी तेच मनात सलायला लागलं. आता नाही बघितलं तर कधी बघणार? गेले डॉक्टरांकडे. त्यांनी छाती तपासली आणि म्हणाले, खुशाल जा, पाण्यात उतरण्याआधी पंप घ्या आणि बरोबरच्या गाइडला दमा आहे म्हणून सांगा. त्यातलं पहिलं मी मान्य केलं आणि दुसरं ऐकूच आलं नाही असं केलं.

बेट म्हणशील तर एवढंसं, पांढरी वाळू आणि काठापर्यंत झाडी, दुकान नाही की घर नाही. बोटीत शिप्रादी माकडटोपी घालून बसली होती. तिथल्या उकाड्यात! कोलकात्याहून निघालं की वारा लागतो, यावर तिचा ठाम विश्वास. आमचा गाइड प्रभाकर, मूळचा तेलुगू, जन्म अंदमानातला, आवाज पीटीच्या मास्तरासारखा. त्यानं बोट थांबवून प्रत्येकीच्या डोळ्यांत बघून विचारलं, दमा, रक्तदाब, हृदयाचं काही आहे का, असेल तर आत्ता सांगा, पाण्यात गेल्यावर सांगू नका. सगळ्या एका सुरात नाही म्हणाल्या. त्यांच्यात माझाही सूर होता. आणि सकाळी पंप घेतलेला नव्हता, कारण खोलीत शिप्रादी आणि न्हाणीघरातही शिप्रादीच.

कमरेएवढ्या पाण्यात सराव सुरू झाला. तो मुखवटा डोळ्यांबरोबर नाकही झाकून टाकतो, श्वास घ्यायचा तो दातांत धरलेल्या नळीतून, तोंडानं. आता तूच सांग, जी बाई आयुष्यभर 'तोंड मिटा, नाकानं घ्या' एवढंच सांगत आली, तिला हे जमायचं कसं? बाकीच्या भराभर शिकल्या, म्हणजे इतकी वर्षं त्या वर्गात चोरून तोंडानंच श्वास घेत असणार! मी मात्र पाण्यात तोंड घातलं की नाकानं ओढायची, मुखवटा चेहऱ्यावर आवळायचा आणि जीव घाबरायचा. प्रभाकर ओरडला, "दीदी, आज नाक को छुट्टी दे दो!" सगळ्या खिदळल्या. मी हट्टानं पुन्हा तोंड घातलं, पुन्हा तेच, आणि मग छातीत ती ओळखीची शिटी वाजली.

मला बोटीत बसवलं. सगळ्या गोळा झाल्या. बटवा पायाशी होता. उघडायचा की नाही, याचा विचार करायला हवाच कुठे होता? खरं सांगते, तरी मी क्षणभर केला. श्वास मिळत नाहीये आणि मी विचार करतेय काय, तर या काय म्हणतील! मग माझाच मला असा संताप आला की मी बटवा उपडा केला, सुपाऱ्या गडगडत गेल्या, आणि सगळ्यांच्या देखत पंप हलवून दोनदा ओढला. छाती मोकळी झाल्यावर मोठ्यानं सांगितलं, मला दमा आहे, कायमचा आहे.

मला वाटलं, संपला माझा वर्ग. पण बंगाली बायकांपुढे आजार काढणं म्हणजे काय, हे मी विसरलेच होते. एकीनं लगेच आपला थायरॉइड काढला, दुसरीनं साखर, तिसरीनं गॅस, आणि शिप्रादीनं माकडटोपी काढून शांतपणे सांगितलं की तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि ती आज घ्यायची राहिली. प्रभाकरनं कपाळावर हात मारला. त्यानं त्या दिवशी एकीलाही पुढे नेलं नाही, सगळ्यांना वाळूत बसवून मुरमुरे खायला लावले आणि बजावलं, उद्या खरं सांगून या.

दुसऱ्या दिवशी मी पंप घेतला तो बोटीतच, उघड्यावर, आणि मग तो प्रभाकरच्या हातात दिला. त्यानं तो एका पिशवीत घालून गळ्यात अडकवला आणि म्हणाला, आता चला. लाइफ जॅकेट अंगात, हात त्याच्या तरंगत्या कड्यावर. मी नाकाला सुट्टी दिली, तोंड पाण्यात घातलं आणि थांबले. आत शांत होतं. फक्त माझा श्वास ऐकू येत होता, नळीतून आत, नळीतून बाहेर, एकसारखा, कुठेही शिटी नाही. शर्वरी, जन्मभर मी या आवाजाला घाबरत आले, आणि तिथे मी नुसती तो ऐकत पडले होते. मला रडू आलं, पण मुखवट्यात रडता येत नाही, काच धूसर होते, म्हणून आवरलं. मग खाली बघितलं. जांभळं, पिवळं प्रवाळ, त्यात निळे मासे थव्यानं, आणि पोपटासारख्या चोचीचा एक हिरवागार मासा प्रवाळ कुरतडत होता. त्याचा आवाज येतो ग, चकली मोडल्यासारखा कुडुम कुडुम! शेजारी शिप्रादी तरंगत होती, गोळी घेऊन. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बर्गीदी, खंदक ओलांडलास." मी वाळूत पाय पसरून बसले आणि वेड्यासारखी हसत सुटले.

परत आल्यापासून माझा पंप गच्चीच्या कठड्यावर तांब्याशेजारी असतो. वर्गातलं कुणी कमी झालं नाही. उलट दोघीजणी वाढल्या, दोघींनाही दमा, आणि दोघींनी तो आजवर कुणाला सांगितला नव्हता.

आता तुझ्या पायाचं. विवेकनं परवा फोटो पाठवला, त्यात पट्टी डाव्या पायाला आहे. पण फोटो आला नसता तरी मला कळलंच असतं, कारण फोनवर तुझ्या प्रत्येक वाक्याच्या शेपटाला ती बारीक शिटी होती. ती मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? मग मी विवेकला खोदून विचारलं. डॉक्टरांनी दमा सांगितला, पंप दिला, औषध नीट घेतलं तर कबड्डी खेळायला हरकत नाही असंही म्हणाले, आणि संघासाठी पहिली चढाई करणारी माझी भाची खोटी पट्टी बांधून घरात बसली. मला फार वाईट वाटलं ग, आणि रागही आला. आपल्या घरातली ती सर्दीच आता घोट्यात उतरली आहे. माझ्या आईला दुसरा मार्ग दिसला नाही, तिला मी बोल लावत नाही. पण तुला तो दिसावा म्हणून हे सगळं लिहिलं. सोबत माझा बटवा पाठवते आहे, रिकामा. त्यात टिकल्या ठेव, सुपारी ठेव, काय वाटेल ते ठेव. पंप मात्र मैदानावर पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवायचा, सगळ्यांना दिसेल असा, आणि तुझ्या सरांना उद्याच सांगायचं. सामन्यांना मी येतेय. शिप्रादीही येतेय, माकडटोपी घालून. तेवढी ती पट्टी सोड आता.

तुझीच,
दमेकरी आत्या