अप्पांनी बांधलेलं चाक

अप्पा,

तुमच्या दुकानाच्या जागेवर आता मोबाईलची कव्हरं विकतात. सायकल टांगायला तुम्ही भिंतीत ठोकलेला हूक तेवढा राहिलाय, त्याला नव्या दुकानदाराने पंख्याची वायर अडकवली आहे. ते बघून मला आधी राग येतो आणि मग हसू येतं, कारण तुम्ही असता तर त्याला चार शिव्या हासडल्या असत्या आणि मग त्याच्याकडूनच फोनला काच बसवून घेतली असती. हे पत्र पाठवायचं कुठे, हा प्रश्नच आहे. तरी लिहिते, कारण एक गोष्ट तुम्हाला माझ्याच तोंडून कळायला हवी. दुसऱ्या कुणी सांगितली तर तुम्ही तमाशा कराल.

तो पहिला दिवस आठवा. चाळिशी उलटलेली, क्लासमध्ये गणित शिकवणारी एक बाई तुमच्या दुकानापुढे उभी राहून म्हणते, मला सायकल शिकायची आहे. बिलोलीला आमच्या घरी भावांना सायकल होती, मला मागे बसायची परवानगी होती. तुम्ही कपाळावरचं भस्म पुसलं जाऊ नये म्हणून मनगटाने गालावरचा घाम टिपता, मला वरून खालपर्यंत बघता आणि लेडीज सायकलची दोन्ही पायडलं काढून टाकता. मला वाटतं, हा माणूस चेष्टा करतोय. मार्केट यार्डामागच्या उतारावर मला बसवून तुम्ही म्हणता, "पाय हायत न्हवं? मग मारा जमिनीला." मी पाय घासत, ब्रेक आवळून निघते आणि मागून तुमचा आवाज येतो, "ब्रेक कशाला धरायलाव बाई? जलमभर धरूनच बसलाव की!" त्या बोलण्याचा मला एवढा संताप आला, की मी ब्रेक सोडला. उतार संपेपर्यंत पाय जमिनीला लागले नाहीत. खाली पोचून मागे वळले तर तुम्ही पायडलं हातात घेऊन निघालासुद्धा होतात, आता लावू या म्हणत.

पुढे माझ्या सायकलचं मागचं चाक तुम्ही नव्याने बांधून दिलंत. एकेक तार ओवून, ताणून, अंगठ्याने छेडून बघत. मग ते फिरवून रस्त्यावरच्या माणसांना हाका मारल्यात, "बघा, जरा तरी डुलतंय का!" नम्रपणा तुमच्या वाऱ्यालाही कधी उभा राहिला नाही, अप्पा. एसटी स्टँडजवळ सायकली दुरुस्त करणाऱ्या चाचांचं नाव निघालं की तुमचं ठरलेलं, "त्याच्याकडं हवा भरा, पंक्चर काढा. चाकाला हात लावू देऊ नका." आम्ही हसायचो आणि ऐकायचो. दर हिवाळ्यात आपला सायकलवाल्यांचा ग्रुप सायकलींवरून नांदेडला निघायचा तेव्हा तुम्ही पहिल्या एसटीने अहमदपूरला जाऊन बसायचात, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन. प्रत्येकाचं चाक फिरवून बघायचं, प्रत्येकाला बोलायचं, मगच पुढे सोडायचं. मी दरवर्षी तिथेच दमून सायकल मागून येणाऱ्या टेम्पोत टाकायची. "नांदेडला पोचल्याबिगर मी तुम्हाला सायकलवाली म्हणणार न्हाई," असं तुम्ही दरवर्षी ऐकवलंत.

तुम्हाला माती द्यायला आम्ही सगळे सायकली घेऊन आलो होतो. चढून नाही, हाताने ढकलत. तुमच्या रीतीप्रमाणे तुम्हाला समाधीत बसतं केलं, बेल वाहिला, आणि ग्रुपमधल्या दाळमिलवाल्या शेटजींनी सायकलची घंटी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. मी त्या दिवशी खूप रडले, हेही सांगून टाकते. त्यानंतर शहाण्यासुरत्या माणसांनी जो वेडेपणा केला तो तुम्हाला आवडला नसता. कुणी कुणाला चाकाला हात लावू देईना. अप्पांनी बांधलंय, अप्पांचा हात लागलाय. हळूहळू सगळ्यांची चाकं डुलायला लागली, ब्रेकच्या रबराला घासायला लागली. आमच्यातल्या दातांच्या डॉक्टरांनी तर घासू नये म्हणून ब्रेकच ढिले करून ठेवले. मागच्या हिवाळ्यात आम्ही तसेच निघालो. अहमदपूरच्या अलीकडे माझ्या चाकाच्या तारा तुटल्या आणि उतारावर डॉक्टर जे सुटले ते थेट तुरीच्या शेतात. त्यांना खरचटण्यावर निभावलं. सगळे टेम्पोतून परत आलो. वाटेत शेटजी म्हणाले, "आता बंद करू. अप्पा गेले, नांदेडबी गेलं." मला ते लागलं. तुमची राईड तुमच्याच चाकांपायी बंद पडणार होती.

म्हणून मी चाचांकडे गेले. भीत भीतच गेले. त्यांनी चाक काढून दुकानातल्या चाक तपासायच्या स्टँडला लावलं, फिरवलं, कान जवळ नेला आणि पाना माझ्यासमोर ठेवला. "हे त्याचं चाक हाय. मी न्हाई खोलणार मॅडम."

मी म्हणाले, "चाचा, मग कोण खोलणार?"

"तुम्ही खोला. मी सांगतो." मी पान्याने एकेका तारेच्या टोकाचं निपल फिरवत होते आणि ते स्टुलावर बसून तुम्हाला नावं ठेवत होते. "लई कडक ताणायचा. उस्ताद सांगून थकले, ह्यानं ऐकलं न्हाई. नांदेडला आम्ही दोघं एकाच उस्तादाकडं शिकलो, म्हाईत हाय का? ह्यानं कधी सांगितलं नसंल. मला कच्चा म्हणायचा. मी बी त्याला तेच म्हणायचो." मग चाकावर बोट टेकवून म्हणाले, "आता कोणाला म्हणू?" मी पुढच्या निपलला पाना लावला.

माझं चाक सरळ झालेलं बघून शेटजी आले, मग डॉक्टर आले, मग सगळेच. शेटजींच्या बोटांना फोड आले तेव्हा चाचांनी वैतागून पाना हिसकावून घेतला, "सरका, तुमच्यानं व्हायचं न्हाई," आणि त्या दिवसापासून तुमची चाकं तेच बघतात. या हिवाळ्यात आम्ही नांदेडला निघालो. अहमदपूरच्या स्टँडवर चाचा बसले होते, मांडीवर पिशवी घेऊन. सगळ्यांची चाकं फिरवून बघितली, सगळ्यांना बोलले. मी टेम्पोकडे बघितलंही नाही. संध्याकाळी नांदेडला गोदावरीच्या पुलावर उतरले आणि आता अप्पांना मला सायकलवाली म्हणावंच लागेल, असं मोठ्याने म्हणाले. म्हणा मग.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, चाचांना तर नाहीच. आणि जे सांगायला बसले होते ते अजून राहिलंच. परवा त्यांच्या दुकानात मीच माझं चाक स्टँडला लावलं होतं, तार जरा जास्त ताणली गेली असं वाटलं, आणि त्यांना विचारायला म्हणून माझ्या तोंडून हाक गेली, "अप्पा."

त्यांनी ओ दिली.