रेणुकेच्या दुकानाची पाटी व तदनुषंगिक स्थावर-जंगम

मी, अनंत विठोबा कळंबटे, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा फलकलेखन व मागणीप्रमाणे मानपत्रलेखन, राहणार कोतवडे, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वहस्ते व सुवाच्य अक्षरात लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाविषयी डॉक्टरांचे मत भिन्न असून ते पुढील आठवड्यात मुंबईस माझी छाती उघडून त्याची खातरजमा करणार आहेत. मजवर कोणाचाही दबाव नाही. पत्नीचा आहे, परंतु तो विवाहापासूनचा असल्याने कायद्याच्या व्याख्येत बसू नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. सबब रद्द करण्याजोगे काही नाही.

१. वारस. पत्नी सौ. सुनंदा, पुत्र चि. सुहास व त्याची धाकटी बहीण सौ. रेणुका. दोन्ही अपत्ये कॅनडा देशी, मॉन्ट्रियल नगरीत वास्तव्य करतात. तो देश कागदोपत्री इंग्रजी व फ्रेंच अशा दोन भाषांचा. ही नगरी ज्या क्वेबेक प्रांतात आहे तो मात्र फ्रेंचांचा. सुहास तेथे नवागतांना फ्रेंच शिकवितो. रेणुकेचे इंग्रजी बोलणाऱ्यांच्या वस्तीत जेवणाचे लहानसे दुकान आहे. भावंडे एकाच गावात आहेत, एकमेकांस धरून राहतील, अशा समजुतीत आम्ही उभयता सुखाने झोपत होतो.

२. राहते घर. जांभ्याचे घर, अंगण, पडवी व मागील हापूसची कलमे सुनंदेकडे तहहयात राहतील. तिच्या पश्चात काय, हा प्रश्न गेल्या शिमग्यापर्यंत मला पडलेला नव्हता. तो का पडला, हे नमूद केल्यावाचून पुढील कलमे समजणार नाहीत.

३. पूर्वपीठिका. रेणुकेने दुकान थाटले तेव्हा मी फणसाच्या फळीवर तिच्या दुकानाची पाटी रंगविली. वर इंग्रजी, खाली देवनागरी, कडेने सोनेरी रेघ. ती विमानातून नेली सुहासने, कपड्यांत गुंडाळून, बाळंतिणीस न्यावे तशी. पुढे कोणा अज्ञाताने भाषेच्या सरकारी कार्यालयात तक्रार केली. पाटीवर फ्रेंच अक्षर ठळकपणे वरचढ हवे, असा तेथील कायदा आहे. माझ्या पाटीवर फ्रेंच मुळीच नव्हते. पाटी उतरली. रेणुकेने हट्टाने दुसरी लावली नाही. पाटीवाचून दुकान, म्हणजे नाकावाचून मुखमंडल. गिऱ्हाईक समोरून निघून जाऊ लागले.

शिमग्यास दोघेही गावी आली. पालखी अंगणात आली आणि गावचे गुरव बाबाजी यांनी गाऱ्हाणे घातले. रीत अशी की, गुरवाने घरादारासाठी देवास मागणे मागावे व घरच्यांनी प्रत्येक मागण्यास होकार भरावा. सुनंदेने बाबाजींच्या कानात आधीच काही घातले होते. त्यानुसार ते म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या माहेरवाशिणीच्या धंद्यात ज्या कुणी खोडा घातला आसंल, त्याची बुद्धी ठिकाणावर आण रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही सर्व म्हणालो. सुहास म्हणाला नाही.

"घसा बसला काय तुझा?" सुनंदेने विचारले.

"नाही, आई."

"मग म्हण की मेल्या. देव उभा हाय."

"मी कसं म्हणू? ती तक्रार मीच केली होती."

ढोल थांबला. भोयांनी पालखी खांद्यावरच ठेवली. ती खाली घ्यावी की नाचवावी, हे कोणास सुचेना. बाबाजी हलकेच म्हणाले, "अनंतराव, आता मी फुडं काय म्हणू?"    

४. उभय पक्षांची विधाने. जशी घडली तशी नोंदवितो. फ्रेंच व इंग्रजी यांचा हा संग्राम माझ्या अंगणात शुद्ध मराठीत लढला गेला, याचा धक्का मला अद्याप ओसरलेला नाही.

रेणुका म्हणाली, "ती पाटी बाबांनी रंगवली होती, दादा."

"तीनदा सांगितलं तुला, वर फ्रेंच घे म्हणून. हसलीस."

"माझं गिऱ्हाईक इंग्रजी वाचतं."

"तेच तर. एकेक दुकान असंच इंग्रजीत जातं. आजूबाजूला सगळा इंग्रजीचा समुद्र आहे. वीस वर्षांनी फ्रेंच घरात बोलायची भाषा उरेल, बाजारात नाही."

"मग प्रांत कॅनडापासून वेगळा करा एकदाचा. तो तुमचा फ्रेंचवाल्यांचा पक्ष पुन्हा सार्वमत घेणार म्हणतोच आहे. मी त्याआधीच दुकान विकून टोरांटोला जाते."

"जा. इंग्रजीवाले तेच करतात."

"मी इंग्रजीवाली? मेल्या, मी कोतवड्याची आहे."

तदनंतर सुहास माझ्याकडे वळला. "बाबा, मराठी पाट्यांचा नियम कडक झाला तेव्हा तुम्ही गावभर पेढे वाटलेत. जो दुकानदार पाटी बदलणार नाही त्याची तक्रार करा, मग तो सख्खा का असेना, हे जेवताना तुम्हीच सांगायचात. मी तेवढंच केलं."

  तो नियम योग्य होता असे मला आजही वाटते. बहिणीची तक्रार करणे घोर आहे, असेही वाटते. ही दोन वाक्ये एका पाटीवर बसविण्याचा मी महिनाभर प्रयत्न केला, बसत नाहीत.

रेणुका माघारी जाताना म्हणाली, "घर त्याला द्या. घरपट्टीवर माझं नाव त्याच्या नावाशेजारी नको." त्या दिवसापासून ती त्याला दादा म्हणत नाही, सुहास म्हणते. आमच्या घरी धाकट्याने थोरल्यास नावाने हाक मारल्याचे मी प्रथमच ऐकले.

५. किरकोळ जंगम. शिडी ग्रामपंचायतीस. मानपत्रांचे कच्चे मसुदे चुलीस. ज्यांच्याविषयी ते आहेत त्यांपैकी बहुतेकांस वास्तव ठाऊक आहे. माझ्या निधनानंतर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावू नये, त्यातही शिवाच्या दुकानातील तर नकोच. त्याच्या यंत्राने माझा धंदा गिळला, त्याबद्दल क्षमा आहे. परंतु तो माझे मुख गुलाबी छापील, त्याबद्दल नाही.

६. घराचा निर्णय. सुनंदेच्या पश्चात घर व कलमे सुहास व रेणुका यांस समसमान. रेणुकेची हरकत ऐकली, विचारात घेतली व फेटाळली. वारसा हे बक्षीस नव्हे, तसा दंडही नव्हे. सुहासला घरातून वगळले तर माझ्याच अंगणात मी सार्वमत घेतल्यासारखे होईल, आणि त्यात कोणीही जिंको, घर अर्धे होईल.

७. ब्रश. माझे सर्व ब्रश, विशेषतः रेघ ओढण्याचे लांब केसांचे, सुहासला. लहानपणी त्याचा हात माझ्याहून स्थिर होता. अट एकच: त्याने बहिणीच्या दुकानाची नवी पाटी स्वहस्ते रंगवावी. फ्रेंच वर व मोठे, कायदा म्हणतो तसे. खाली देवनागरी. इंग्रजी ठेवावे की नाही, हे रेणुका सांगेल व सुहास वाद न घालता ऐकेल. ज्याने पाटी उतरविली त्याने शिडीवर चढावे, इतकाच माझा न्याय आहे.

वकिलांनी कळविले की, मृत्युपत्रातील कलम मृत्यूनंतरच लागू होते. मी त्यांस कळविले की, दुकान तितके थांबणार नाही. सबब हे एक कलम आजपासून अमलात आहे असे समजावे, आणि ब्रश आजच टपालाने रवाना केले आहेत.

८. वाचन. काल सायंकाळी कलम सहा व सात मी दोघांस फोनवर, वेगवेगळे, वाचून दाखविले.

सुहासने पाटीची लांबी-रुंदी विचारली. मग म्हणाला, "ती मला दुकानात पाऊल तरी ठेवू देईल का, बाबा?" हे मी रेणुकेस विचारले. तिने आधी माझ्या औषधांची चौकशी केली, आईला फोन द्यायला सांगितले, आईशी यंदाच्या आंब्यांविषयी बोलली आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "सोमवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी यायला सांगा. जेवून ये म्हणावं, मी वाढणार नाही."

ही संमती की नकार, याचा अर्थ लावण्याचा अधिकार मी न्यायालयासही देत नाही. वाक्य तिच्या शब्दांत लिहिले आहे. सुहासला सोमवार कळविला आहे.

वरील मजकूर मी वाचला, मला समजला, व तो माझाच आहे. साक्षीदारांसमक्ष सही करीत आहे.  

सही: अनंत विठोबा कळंबटे

साक्षीदार:
१. बाबाजी सोनू गुरव, कोतवडे. (गाऱ्हाणे अपुरे राहिले आहे, ते पुढल्या शिमग्यास पुरे करीन, असे यांनी सहीखाली लिहिण्यास सांगितले.)
२. नम्रता सुरेश घवाळी, शिक्षिका, कोतवडे.

स्थळ: रत्नागिरी
दिनांक: २१ एप्रिल २०२६