विनंती नाकारली आहे

सोमवार, १० नोव्हेंबर. जेवणं उरकल्यावर

आधी आला तो रितेश. दाढी भरपूर, मिशी मात्र नाही, उलटं लावल्यासारखं तोंड. मागून ती वेदिका. खरं तर दोघांच्याही आधी समोरच्या खानावळीतली सावित्री दारात येऊन उभी होती, गाडी कुणाकडे थांबते बघायला. गाडी आमच्याकडे थांबली. सावित्री आत गेली.

दोघांनी बांगड्याची थाळी घेतली. पोरीने सोलकढी तीनदा मागितली म्हणजे घरंदाज असणार. पैसे फोनवरून दिले आणि मग आमच्याकडे नेहमी होतं तेच झालं. आमचा वाढपी सदू दारातून ओरडला, वयनी, पैसे आले काय? मी मागे विहिरीवर. हात पुसले, कमरेचा फोन काढला, चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. मग ओरडले, आले रे. तोवर दोघं उभी.

तर ही दोघं त्या पैशांच्या ॲपच्याच कंपनीतली निघाली. मुंबईहून आलेली. बोलली, आजी, हेच बघायला आम्ही गावोगाव फिरतोय. फोन मालकाकडे आणि गिऱ्हाईक स्टाफसमोर, मग स्टाफला कसं कळणार? म्हणून नवीन भाग बनवतोय. आत्ता घरच्या एखाद्यालाच जोडता येतं, नव्यात सगळ्या स्टाफलाही आपापल्या फोनवर दिसेल. पण कुणाला काय दिसावं, कुणाला काय करता यावं, हे आम्हाला तुमच्याकडून शिकायचंय.

माझ्याकडून. चौथी पास बाई मी, आणि कंपनीला ॲप बनवून द्यायचंय.

पोरीने माझ्या फोनवर तो नवीन भाग घातला. एवढ्यात पुण्याची बस आली आणि गडबड उडाली. जाता जाता सांगून गेली, घरच्यांची मदत घेऊ नका हां आजी, तुम्ही स्वतः कुठे अडता तेच आम्हाला बघायचंय. जे होईल ते या वहीत लिहा. मंगळवारी, अठरा तारखेला येतो.

वही गुळगुळीत आहे. त्यांना नाही देणार, स्वतःला ठेवीन. अडलेच तर त्यांच्यासाठी पाठकोऱ्या कागदावर लिहीन. पण अडायचं काय कारण?

मंगळवार, ११ नोव्हेंबर

हे झालं की मला खेडला जाता येईल. रविवारी तेवीसला तिथे संस्कृतीचं उष्टावण. स्वप्नाची मुलगी ती. माझ्या लेकीचं बाळंतपण इथेच झालं, तीन महिने पोर माझ्या मांडीवर होती. शिंकली की स्वतःच दचकायची. आता खालचा दात आलाय म्हणे. स्वप्ना रोज फोन करते, आई, आठ दिवस आधी ये. मी सांगते, बाय, खानावळीचा फोन माझ्या कमरेला, मी आले तर पैसे आलेले कोण बघणार?

पूर्वी बोलका डबा होता, पैसे आले की आकडा बोलायचा. तो मीच बंद केला. रस्त्यापलीकडे सावित्रीला आमचा सगळा धंदा ऐकू जायचा.

निश्चय: गुरुवारपर्यंत ॲप पुरं करायचं, शनिवारी खेड.

मंगळवार, रात्री जेवायच्या आधी

ॲप विचारतं, रोल निवडा. मला हसू आलं. आमच्या वाडीच्या नमनाच्या खेळात रोल ठरवायला चार बैठका लागायच्या आणि तरी एकजण रुसायचा. आमचे हे मावशी व्हायचे. एकदा लुगडं माझं नेलं आणि फाडून आणलं, पण ते जाऊ दे.

माझी वाटणी अशी:
सदूला फक्त आलेले पैसे दिसावेत, तेही दुपारी तीनपर्यंत. पुढे तो पारावर बसतो आणि पोटात काही ठेवत नाही.
शालन भाकऱ्या थापते, तिचे हात पिठाचे. तिला दिसू नये, नुसतं वाजावं.
दर्शना, माझी सून, गुणाची आहे. पण सुनेच्या हाती एकदम सगळं देऊ नये. माझ्या सासूने मला किल्ल्यांचा जुडगा चौदा वर्षांनी दिला. अजून माझ्या कमरेला आहे, सात किल्ल्या. पाचांची कुलपं कुठे आहेत ते कुणालाच ठाऊक नाही, पण जुडगा तो जुडगा. तर दर्शनाला सगळं दिसावं, दाबता मात्र काही येऊ नये.
मालक मी.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सदूचं नाव घातलं. ॲपने लिहिलं, विनंती पाठवली आहे. चांगलं आहे, विचारून करतात. कंपनीत कुणीतरी बघत असेल.

चहा होईस्तो उत्तर आलं. विनंती नाकारली आहे.

का? सदूचा नंबर चुकला असेल. पुन्हा घातला. पुन्हा नाकारली. सदूला विचारलं, तुझ्यावर काही केसबीस आहे काय रे? तो घरी निघून गेला. संध्याकाळची ताटं मीच वाढली आणि मीच उचलली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

शालनचं नाव. विनंती पाठवली आहे. विनंती नाकारली आहे.

नऊ वेळा केलं. कंपनीतला तो जो कोण बसलाय तो वयाने लहान असणार, वडीलधाऱ्यांना असं तोंडावर नाही म्हणत नाहीत.

वर दर्शनाची कटकट वेगळी. आज तिचा फोन सारखा वाजतोय. कुळथाची पिठी ढवळता ढवळता तीनदा हात धुवावा लागला, एकदा पिठी खाली लागली. मी बोलले, लक्ष कुठे असतं तुझं गो? ती बोलली, आई, कोणीतरी मेला सारखी परवानगी मागतोय, फसवणूकवाला असणार. मी सगळ्यांना नाही म्हणते.

मी बोलले, शाबास. अशांना अजिबात द्यायची नाही.

तेवढं शहाणपण तिला माझ्याकडून आलंय.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मला वाटतं, कंपनी माझी परीक्षा बघते आहे. आलतूफालतू माणसाला त्यांनी एवढं काम दिलं असतं काय? आज सकाळी अंघोळ करून, देवाला दिवा लावून, मग विनंती पाठवली. बारा मिनिटं काही आलं नाही. मी नारळ कबूल केला.

मग नाकारली. दर्शना तेव्हा मासे आणायला गेली होती, आल्यावर बोलली, पूर्णगडचा कोळी सुरमई दाखवत होता तेवढ्यात तो फसवणूकवाला परत आला, सुरमई दुसरीने उचलली. आम्ही दोघींनी मिळून त्याला शिव्या घातल्या. बरं वाटलं. सासूसुनेचं असं बऱ्याच दिवसांत जमलं नव्हतं.

नारळ उधार राहिला.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज खेडला जायचं होतं. गेले नाही. स्वप्नाला सांगितलं, कंपनीचं काम अडलंय. ती बोलली, आई, कुठली कंपनी? मी बोलले, तुला नाही कळणार. मग तिने फोन संस्कृतीच्या तोंडासमोर धरला. मी नुसतं उं म्हटलं तर पोर अशी हसली की दात दिसला. तांदळाच्या कणीएवढा. मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितला. एका टेबलावरच्या बाई बोलल्या, आजी, आमची आमटी. आणते म्हटलं, पण दात आधी ऐका.

फोन माझ्या कानाला असताना चारजण पैसे देऊन उभे राहिले. सदू ओरडतोय, वयनी, आले काय. मला कसं दिसणार, फोनात नात होती.

मग दर्शना आतून ओरडली, आले आले, जाऊ दे त्यांना.

तिला कसं कळलं? अंदाजाने बोलली असणार. असं अंदाजाने धंदा करतात काय? संध्याकाळी तिला समजावलं. ती टेबलं पुसता पुसता ऐकत होती. तीही दमलेली असते, माझा मुलगा अभय मुंबईला, सगळं तिच्या अंगावर. म्हणजे माझ्या खालोखाल.

रविवार, १६ नोव्हेंबर

गर्दी. एकच विनंती पाठवली. नाकारली.

ठरवलं: दर्शनाला रोल द्यायचा असेल तर जरा वाढवून द्यावा. दिसावं, आणि एखादं बटण दाबता यावं. छोटंसं.

सोमवार, १७ नोव्हेंबर. सकाळ

उद्या पाहुणे येणार. त्यांना काय दाखवू? एकही माणूस ॲपात गेलेला नाही. पण चूक त्यांची आहे. मी पाठकोऱ्या कागदावर तक्रार लिहिली: तुमच्याकडे विनंती बघायला बसलेला माणूस काढून टाका. तो मालकालाच ओळखत नाही.

दर्शनाला बोलले, उद्या मुंबईची माणसं येणार, घावणे कर. ती बोलली, उद्या मी रत्नागिरीला जाणार, लायसनचं काम आहे, परवाच सांगितलं होतं. सांगितलं असेल. बरंच झालं. घावणे शालन करील, आणि बोलणी मी एकटी करीन. दोन दोन माणसं बोलली की पाहुणे गोंधळतात.

मंगळवार, १८ नोव्हेंबर. दुपारी चार

आले. आज आधी वेदिका, माझ्यासाठी मुंबईची मिठाई घेऊन. सावित्री दारात होतीच.

मी सगळं सांगितलं. सदूचं तीनपर्यंत, शालनचं वाजणं, दर्शनाचं छोटं बटण. रितेश भराभरा लिहीत होता. शालनचे हात पिठाचे म्हणून तिला नुसतं वाजावं, हे ऐकून तो थांबला आणि वेदिकाला बोलला, हे आपल्याला सुचलंच नव्हतं. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते.

मग तक्रारीचा कागद दिला. वेदिकाने वाचला. तेरा वेळा नाकारली? बोलली, आजी, जरा फोन बघू.

बघता बघता तिचं तोंड बारीक झालं. रितेशला दाखवलं. दोघं फोनाकडेच बघत राहिली, माझ्याकडे कोणी बघेना. मी बोलले, काय झालं, सांगा की, मी काय लहान आहे?

तिने फोन माझ्यापुढे धरला. बारीक अक्षर होतं, चष्मा या वेळी नाकावरच होता.

मालक: दर्शना.
त्याच्या खाली, स्टाफ: आई. सगळं पाहू शकतात. बदल करू शकत नाहीत.

मी दोनदा वाचलं. आई म्हणजे मी.

वेदिका हळू आवाजात बोलली, आजी, विनंती आमच्याकडे येतच नाही. ती मालकाच्या फोनवर जाते.

मग मला पिठी आठवली. सुरमई आठवली. शिव्याही आठवल्या.

आणि आणखी एक आठवलं. तीन वर्षांपूर्वी फोनवरून पैसे घ्यायचा तो स्टिकर लावायला माणूस आला होता. बोलला, नाव कुणाचं, पासबुक दाखवा. मीच बोलले, माझं पासबुक कुणाला दाखवायचं नाही, तिचं घाला, मला नको ती कटकट. स्टिकर कुठे लावायचा ते मात्र मी सांगितलं होतं. मग गणपतीत दर्शनाने माझ्या फोनवर काहीतरी घातलं आणि बोलली, आई, आता तुम्हालाही दिसेल. मी बोलले, दिसायलाच पाहिजे.

त्या 'तुम्हालाही'मधला 'ही' मला तेव्हा ऐकू आला नाही.

रितेश बोलला, आजी, तुमची वही द्याल का, आम्हाला फार उपयोग होईल. मी बोलले, हरवली.

घावणे खाऊन गेली. पोरीने सोलकढी एकदाच घेतली.

मंगळवार, दिवेलागणीला

दर्शना आली. मी काही बोलणार नव्हते, पण शालनने चुलीपासून सगळं सांगून टाकलं. दर्शनाने कपाळावर हात मारला. बोलली, अगोबाई, ते तुम्ही होतात? मग हसू लागली, मग थांबली. बोलली, आई, मालकाच्या जागी तुमचं नाव घालू काय?

मी जुडगा चाचपला. सात किल्ल्या. बोलले, नको. पासबुक दाखवावं लागेल.

तिने तिथल्या तिथे फोन काढला. सदू ॲपात गेला, शालन गेली, टक टक दोनदा. विनंतीबिनंती काही नाही. मी आठ दिवस देव पाण्यात घालून बसले होते ते काम सुनेने पदर खोचता खोचता केलं. सदूचा फोन त्याच्या खिशात वाजला, तो दचकला. थेट संस्कृतीसारखा.

मग तिने माझी पिशवी काढली. लुगडी घातली, आंबापोळी घातली, बाळासाठी नाचणीचं सत्त्व घातलं. बोलली, आता खुशाल जा, पंधरा दिवस राहा. इथलं काही अडत नाही.

चांगल्या मनाने बोलली. पण तेच वाक्य जरा वेगळं करून बोलता आलं असतं.

उद्या सकाळच्या गाडीने रत्नागिरी, तिथून खेड. एक किल्ली काढून तिला दिली. कपाटाची. ती बोलली, आई, ते कपाट आपण मागच्या वर्षी भंगारात दिलं. बोलले, असू दे तुझ्याकडे.

फोन नेते आहे. खेडला बसून मला सगळं पाहता येतं, तसं लिहूनच आलंय.

पाहुणे शुक्रवारी येणार, अकरा वाजता. दर्शना घरी असेल ना, एवढंच विचारून गेले.