प्रतिक्षाची नववी आणि बंद पाकीट

साखरा, ता. सेनगाव

श्री. शिवशंकर दाजींना अमृतरावाचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? मंजूताई तुम्हाला जिना चढू देत नाही असं कळलं, बरंच झालं. इकडे सगळे खुशाल. सोयाबीन घरात आलं, तूर फुलावर आहे, म्हैस मारकीच आहे. (फक्त मला.) आमची प्रतिक्षा जपानच्या कॉलेजच्या अर्जासाठी तुमच्याकडे नांदेडला येऊन राहिली आहे, ती नीट जेवते ना? माझ्याशी सध्या बोलत नाही. कारण तिनं सांगितलंच असेल, पण माझीही बाजू तुमच्या कानावर असावी म्हणून लिहितो.

त्या कॉलेजला नववी ते बारावी, चारही वर्षांच्या गुणांचा उतारा हवा. ट्रान्सक्रिप्ट म्हणतात त्याला. शाळेनं तो पाकिटात घालायचा, चिकटवलेल्या जागी सही-शिक्का मारायचा आणि घरच्यांनी उघडायचं नाही. उघडलं की अर्ज बाद. आता तुम्हीच सांगा दाजी, लेकरू माझं, आणि तिच्याबद्दल काय लिहिलंय ते जपानच्या माणसानं वाचायचं, बापानं नाही? मुख्याध्यापक प्रेमानंद सरांनी दिलेलं पाकीट मी इमानदारीनं जसंच्या तसं आणलं. (सेनगावच्या स्टँडवरच्या हॉटेलापर्यंत.) चहाच्या वाफेवर अलगद निघालं.

आत पाहतो तर नववी! गणितात एक्केचाळीस! आपल्याकडे नववीचे मार्क कोण विचारतं हो? दहावी विचारतात, बारावी विचारतात. नववीत पोरगी वर्षभर खो-खो खेळली ती आम्हा सगळ्यांच्या संमतीनं. पुढे दोन्ही वेळा नव्वदच्या वर गेली, मग हे जुनं उकरायचं कशाला? मी तडक शाळेत गेलो आणि म्हणालो, सर, एवढी नववी काढून टाका. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "अमृतराव, नववीत एक्केचाळीस हायेत हे तुमाला कसं कळलं?" पुढचं लिहीत नाही.

दुसरं पाकीट मी उघडलं नाही, शप्पथ. देवापुढे ठेवलं. आईनं (म्हणजे तुमच्या सासूबाईंनी) नात परदेशी चालली म्हणून त्याला कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या आणि वर पळीभर तीर्थ सोडलं. शिक्का पसरला, कड सुटली. सुटलीच होती म्हणून पाहिलं. नववी होतीच. प्रतिक्षा फोनवर एवढंच म्हणाली, "बाबा, माह्या नववीनं न्हाई केलं तेवढं नुकसान तुमी करून राहिले." फार लागलं मला ते.

आज तिसरं मिळालं. सर म्हणाले, "हे शेवटचं. चौथं न्हाई भेटायचं." नववीबद्दल या वेळी आत दोन ओळी लिहिल्यात असंही म्हणाले. काय लिहिल्या ते मात्र हात जोडले तरी सांगेनात. घरी न्यायची माझी हिंमत झाली नाही. जीपवाल्या चाँद पाशाला पाकीट त्याच्या सीटखाली ठेवायला लावलं, मी मागच्या सीटवर बसलो आणि असे आम्ही पोस्टात पोचलो. इथल्याच बाकावर बसून हे लिहितो आहे.

मंजूताईला नमस्कार, लेकराला आशीर्वाद (घेत असेल तर).

तुमचा,
अमृतराव

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. पाकीट याच टपालात आहे. तुम्ही वर्षानुवर्षं बोर्डाच्या पेपरांचे सीलबंद गठ्ठे सांभाळलेत, म्हणून तुमच्या नावानं पाठवलं. प्रतिक्षाच्या अर्जासोबत तसंच जपानला रवाना करा. मंजूताईचा हात लागू देऊ नका. ती माझीच बहीण आहे. लहानपणी शेजाऱ्यांची पत्रं आधी ती वाचायची, मग ते.

ता. क. दुसरा : उघडू नका असं लिहिलंय, बल्बसमोर धरू नका असं कुठंच लिहिलेलं नाही. त्या दोन ओळींवर माझ्या लेकराचं सगळं अडलंय आणि इकडे माझ्या डोळ्याला डोळा लागायचा नाही. तुमच्याच्यानं हे व्हायचं नाही, ठाऊक आहे मला. पाच मिनिटं मंजूताईकडे द्या.