आधी घास, मग विचार

पेर्निक, ४ मे

प्रिय रालित्सा,

आधी एक कबूल करतो: कॉलेज मी तुझ्यासाठीच सोडलं. आईच्या आजारपणात तू पेर्निकला परतलीस आणि मला सोफियात धातुशास्त्राचं पुस्तक उघडवेना. लोक हसतात, हसू देत. त्यामुळेच तर मी तुझ्या बाबांच्या हाताखाली धातू तपासायच्या कामाला लागलो.

पहिल्याच दिवशी तुझ्या बाबांनी, म्हणजे आमच्या मास्तरांनी, क्ष-किरणांची ती बंदूक हातात दिली. धातूला टेकवून चाप ओढायचा. किरण पडले की प्रत्येक धातू आपापल्या परीने चमकतो आणि कशात काय किती, ते पडद्यावर उमटतं. मी लगेच एका नळावर टेकवली, तर बोटांवर फटका! "गाढवा, ही नुसती कातडी बघते. आधी घास, मग विचार!" मी त्यांची नक्कल करायचो आणि तू हसून लोळायचीस, आठवतं?

म्हणून परवा माझा विश्वासच बसेना. खत कारखान्याच्या आम्लाच्या नळांसाठी स्टेनलेसचे बोल्ट आले होते, चकचकीत. गाडी दारात, आमचा मालक डोक्यावर. मास्तरांनी न घासताच बंदूक लावली. क्रोमियम, निकेल, सगळं ठाकठीक. मी एक बोल्ट कानशीने घासून पुन्हा बघितला: नुसतं लोखंड. वर मुलामा. असलं लोखंड आम्ल बघता बघता खातं, आणि त्या नळांखाली माणसं वावरतात. मी ओरडून सांगितलं. मालक म्हणाला, "वा! अर्धं कॉलेज टाकून आलेला आता आम्हाला धातू शिकवणार!" सगळे हसले. फक्त मास्तर हसले नाहीत. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पोरा, माल ठीक असल्याच्या दाखल्यावर सही करून टाक. सेंट जॉर्जच्या सणाला कोकरू भाजतोय. ये घरी, रालित्साशेजारी बस."

दोन वर्षं, रालित्सा, दोन वर्षं मी तुझ्याशेजारच्या त्याच पानाची वाट बघत होतो. पेन हातात होतं.

नाही केली सही. आज सकाळी तो घासलेला बोल्ट आणि दोन्ही आकडे मी स्वतः खत कारखान्यात देऊन आलो. माझी नोकरी गेलीच, मास्तरांचीही जाईल. हे तुला त्यांच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. माफी मागणार नाही. आता बोलावणं नसलं तरी सहा तारखेला, सणाच्या दिवशी, मी तुमच्या दारात उभा राहणार. मास्तरांना हाकलायचं तर खुशाल हाकलू देत; पण आधी त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवणार आहे.

कितीही घासलंस तरी तुझाच,
मोम्चिल