यवतमाळातली कालवं

अण्णा, तुम्ही यवतमाळात तळलेली कालवं शोधत फिरलात, ही गोष्ट आपल्या घरात अजून हसत हसत सांगितली जाते. समुद्र कुठे, यवतमाळ कुठे! खडकाला चिकटलेले शिंपले फोडायचे, आतला मऊ गर काढायचा आणि तांदळाच्या पिठात घोळवून तळायचा, हे त्या गावात कुणाला स्वप्नातही सुचलं नसतं. हसणाऱ्यांत मीही असते. पण हसून झालं की मला तुमची ती काळी टोपी आठवते, आणि मग मी उठून काहीतरी कामाला लागते.

विदर्भ मुंबई राज्यात आला आणि रत्नागिरीच्या कचेरीतून तुमची बदली थेट यवतमाळला झाली. आईने आमसुलांची बरणी मांडीवर घेऊन सगळा प्रवास केला. तिथे उतरल्यावर पहिली अडचण पाण्याची नाही, उन्हाचीही नाही, बोलण्याची झाली. तुम्ही मुळातच अबोल. वाणी 'काय पायजे जी?' म्हणाला तरी तुम्ही बावरून माझ्याकडे बघायचात. मी शाळेत मुलींच्या चेष्टा सोसून सोसून वऱ्हाडी बोलायला शिकले होते, त्यामुळे बाजारात जाताना तुम्ही पिशवी घ्यायचात आणि मला घ्यायचात. इतक्या मोठ्या माणसाची मी दुभाषी आहे, याचा मला केवढा तोरा होता!

पुढच्या वर्षी आईला दिवस राहिले. आदल्या वर्षीचं बाळ जन्मून आठवडाभरही राहिलं नव्हतं, त्यामुळे घरात त्या गोष्टीविषयी कुणी मोठ्याने बोलत नसे. आईच्या पोटात काही ठरेना. शेजारी जवसाच्या तेलाची फोडणी पडली की ती पदर नाकाला लावून मागच्या दारी जायची. ज्वारीची भाकरी दोन घास, वरण एक घास, की लगेच उलटी. डॉक्टर म्हणाले, खाल्लं नाही तर बाळ धरणार नाही, आणि आईचंही सांगता येत नाही. घरमालकीण काकू वेगळंच सांगायच्या. "पोटुशीची वासना रायली तं लेकराची जलमभर लाळ गळत रायते, भाऊ. तिले इचारा, काय खावंसं वाटते थे." तुम्ही रोज विचारायचात. कचेरीतून आलात की चपला काढायच्या आधी. ती रोज भिंतीकडे तोंड करून म्हणायची, काही नको. आणि एके दिवशी म्हणाली, "तळलेली कालवं मिळाली तर खाईन."

तुमचा चेहरा मला आजही दिसतो आहे. दुसरा कुणी हसला असता. तुम्ही टोपी सरळ केलीत आणि मला म्हणालात, "चल."

तुम्ही जन्मात हॉटेलची पायरी चढलेले नव्हतात. बाहेर चहा घेणंही तुम्हाला उधळपट्टी वाटायचं. आणि आता आपण मेन रोडवरच्या एकेका हॉटेलात शिरतो आहोत, तुम्ही गल्ल्यासमोर हात मागे बांधून उभे, आणि मी विचारते आहे, "तुमच्याकडं सिंपल्यातलं तळून भेटते काय?" आलुबोंडेवाला म्हणाला, "माय माय! सिंपल्या तं पोट्टे खेळाले आनतेत. थे कोन खाते जी?" एकाने नदीतल्या मरळ माशाचे तुकडे पुढे केले. एकाने सुके झिंगे तळून दिले, ते आपण घरी नेले, आईने वासानेच परत केले. कुणी हसलं की तुमचे कान लाल होत. तुम्ही "बरं, येतो" म्हणत, बाहेर येऊन क्षणभर थांबत आणि पुढच्या दुकानाकडे बघत. कचेरीतही ही बातमी पोचली होती. साहेबाने म्हणे तुम्हाला विचारलं, समुद्र सापडला का? त्यावर तुम्ही काय म्हणालात, ते कधी सांगितलं नाहीत.

बसस्टँडमागे चाचांची खानावळ होती. ट्रकवाले तिथे थांबायचे. चाचा म्हणजे आडवा देह, दाढीला मेंदी आणि तोंडात सतत स्वतःची तारीफ. "पुऱ्या यवतमाळात माह्यावानी तळनारा नाही, बाबूजी. नाव सांगा, तळून देतो." मी नाव सांगितलं. त्यांनी ते कधी ऐकलं नव्हतं, पण माघार कसली घेतात! "फिकर नोका करू. थे तोंडात गेल्यावर कशे लागते, येवढंच सांगा मले."

आणि अण्णा, तुम्ही बोलायला लागलात. मला मध्ये घेतलंच नाहीत. ओहोटीला खडक कसे उघडे पडतात, बायका कोयत्या घेऊन कशा वाकून बसतात, बोटं कशी कापतात, तुमची आई तव्यावर कालवं टाकायची तेव्हा तुम्ही चुलीपाशी कसे उभे राहायचात. बाहेरून कुरकुरीत, आत दुधाच्या सायीसारखी मऊ, आणि शेवटी जिभेवर थोडं खारं पाणी राहतं. जेवणारे ट्रकवाले हातातला घास थांबवून ऐकत होते. मी तुम्हाला एवढं बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. बोलून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "बायको जेवत नाही हो माझी." तेही अगदी साध्या आवाजात.

चाचांनी घाटंजीच्या बाजाराला जाणाऱ्या कुणाकडून तरी नदीतले शिंपले मागवले. तुम्ही घरातून तांदळाचं पीठ आणि आमसुलं रुमालात बांधून नेलीत. तळल्यावर वास झकास आला. आपण तिघांनी एकेक तोंडात टाकला आणि चावत बसलो. चावता चावता चाचांचं आणि तुमचं एकमेकांकडे बघणं चाललेलं. शेवटी चाचांनी बाहेर जाऊन थुंकलं. "हे तं टायर हाय, बाबूजी! अन् रेतीबी भरून हाय वरून." तुम्ही हसलात. बाळ गेल्यापासून तुम्हाला हसताना मी पाहिलं नव्हतं.

आठवड्याने चाचांनी कचेरीच्या दारात माणूस पाठवून बोलावणं केलं. ताटलीत लहान लहान सोनेरी तुकडे. तुम्ही एक खाल्लात आणि डोळे मिटलेत. "हे काय आहे?" चाचा आधी सांगेनात. मग हळूच म्हणाले, "बकऱ्याचा भेजा. तुमच्याच पिठात तळला." आपल्या घरी मासळीपलीकडे काही येत नसे, आणि हे तर बकऱ्याचं, तेही मुसलमानाच्या खानावळीतलं. काकूंना कळलं असतं तर त्यांनी आपल्याला विहिरीवर पाय ठेवू दिला नसता. तुम्ही ताटली चाचांकडे सरकवलीत. मग म्हणालात, "पळसाच्या पानात बांधून द्या." वाटेत मला एवढंच सांगितलंत, "आई विचारील, तेव्हा मी बोलेन."

तुम्ही बोललात. "आज कालवं मिळाली गं." आईने पुडा उघडला. तुम्ही समोर बसलेले, टोपी अजून डोक्यावर, आणि डोळे तिच्या हाताकडे. तिने एक तुकडा खाल्ला. मग दुसरा. मग मला म्हणाली, "भात वाढ जरा." आपण दोघं उलटीची वाट बघत बसलो, ती आली नाही. पुडा रिकामा करून तिने विचारलं, "पुन्हा मिळतील का हो?" तुम्ही हात धुवायचं निमित्त करून अंगणात गेलात आणि हंड्यातलं अर्धं पाणी संपलं तरी आत येईनात. त्यानंतर तिचे दिवस भरेपर्यंत पुडे येत राहिले. धाकटा झाला तो चांगला गुटगुटीत. त्याची लाळ मात्र चारचौघांच्या पोरांसारखी गळायची. काकू म्हणाल्या, "येखांदी वासना रायलीच अशीन."

आता तुम्हाला जे सांगायचं आहे ते. तुम्ही गेल्यावर आई माझ्याकडे राहत होती. एकदा मी बाजारातून खरी कालवं आणली, खास तिच्यासाठी. तिने ताट बाजूला सारलं. "अगं, मला कालवं कधी आवडली? लहानपणापासून त्या बुळबुळीतपणाची शिसारी येते मला."

"मग तेव्हा मागितलीस ती?"

"रोज विचारायचे गं. काय हवं, काय हवं. मला काहीच नको होतं. ते बाळही नको होतं, पुन्हा जायचंच असेल तर. म्हटलं, इथे मिळणारच नाही असं काहीतरी सांगावं, म्हणजे विचारायचे थांबतील."

"आणि खाल्लीस ती?"

"ती कुठली कालवं? पहिल्याच घासाला कळलं मला, हे समुद्रातलं नव्हे, मटणातलं काहीतरी असणार." मग पदर सावरत म्हणाली, "जो माणूस वाण्याकडे मीठ मागायला लाजायचा, तो माझ्यासाठी अख्ख्या गावात मागत फिरला. त्या दिवशी दारात उभे राहिले, सदऱ्याला तेलाचे डाग. मला वाटलं, हा माणूस एवढी आशा धरून बसलाय, तर मी कोण न धरणारी? गिळलं. आणि ठरलं की पोटात."

मला तेव्हा रडूच आलं, अण्णा. तुम्हाला वाटत होतं तुम्ही तिला फसवलंत, आणि तिला वाटत होतं तिने तुम्हाला. दोघांनी मिळून एका पोराला जगवलं आणि एकमेकांना कधी एका शब्दाने विचारलं नाही.

हे पत्र कुठे टाकणार? वहीत घडी घालून ठेवीन. आता मीही एकटीच राहते. मुलगा रोज संध्याकाळी फोन करून विचारतो, आई, काही हवंय का? मी म्हणते, काही नको रे. पण खरं सांगू का, तेवढं म्हटल्यावर मी फोन लगेच ठेवत नाही. तो अजून एकदा विचारील म्हणून थांबते.